बायकांचा स्वतःचा सर्व्हर: सांगलीत बसून कसा उभा करायचा आणि त्यावर पुस्तिका कशी काढायची

तुमचा चार-सहा जणींचा गट आहे, लिहिणं चालू आहे, एखादी पुस्तिका किंवा अंक काढायचं मनात आहे, आणि सगळा मजकूर अर्धा व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा कुणा एकीच्या गूगल ड्राइव्हवर पडलाय, तर हे वाचा. त्या एकीने फोन बदलला की निम्मं साहित्य गायब. अ‍ॅक्सेस पाहिजे तर तिलाच फोन करायचा, आणि बरेचदा ते अकाउंट तिच्या नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नंबरवर असतं म्हणजे ओटीपी त्याच्याकडे. आम्ही सांगली-मिरजेकडच्या काही जणी याच कारणाने स्वतःच्या मशीनकडे, म्हणजे सर्व्हरकडे (सतत चालू राहून मजकूर साठवणारा आणि सगळ्यांना पोचवणारा संगणक) वळलो. कसं करायचं ते सांगते, जिथे डोकं खाल्लं जातं तिथे जास्त आणि बाकी पटापट.

ही कल्पना आमची नाही. ब्रसेल्सच्या कॉन्स्टंट या संस्थेभोवती जमलेल्या लोकांनी २०१३ मधे फेमिनिस्ट सर्व्हरचा, म्हणजे स्त्रीवादी गटांनी स्वतः चालवायच्या सर्व्हरचा, एक जाहीरनामा लिहिला. असाच एक सर्व्हर, सिस्टरसर्व्हर, त्याच्याही आधीपासून, २००५ पासून, चालू आहे, स्पेनमधे अनार्कासर्व्हर आहे, ब्राझीलमधे वेदेतास आहे, आणि २०२२ मधे रोझा नावाचा एक छोटा सर्व्हर रॉटरडॅम, अथेन्स, बुखारेस्ट, ग्राझ अशा गावांतल्या गटांमधे फिरला, म्हणजे खरोखरच मशीन एका गटाकडून दुसऱ्याकडे गेलं. जाहीरनाम्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे सर्व्हर कधीमधी बंद असला तर त्याची माफी मागत बसायचं नाही. चोवीस तास हजर राहून सेवा करायची हा नियम बायकांना तसाही पुरेसा लागू आहे, मशीनला तरी सोडा.

आणि परदेशी खूळ म्हणणाऱ्यांसाठी एक. आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९२० मधे 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं आणि १९३० मधे 'स्त्री' मासिक. खेड्यापाड्यातल्या, शहरातल्या बायका त्यात लिहायला लागल्या, केवढी मोठी गोष्ट. पण छापखाना कारखान्याचा आणि संपादक पुरुष. लिखाण आपलं आणि यंत्र दुसऱ्याचं ही गाठ तेव्हापासूनची आहे. आता यंत्र स्वस्त झालंय तर ती सोडवून बघायला काय हरकत आहे.

मशीन घ्यायच्या आधी बसा

पहिल्या बैठकीत लॅपटॉप उघडूच नका. एक जाड वही घ्या, दोनशेपानी, आणि त्यात उत्तरं लिहा. काय छापायचंय? कोण वाचणार? कुणाच्या हातात पडायला नको? कुणाचं नाव द्यायचं नाही? बंद पडलं तर किती दिवस चालेल? शेवटच्या प्रश्नावर आमच्यातल्या एक वयस्क काकू म्हणाल्या, "आठ दिवस बंद राहिलं तर कुणाचं काय अडतंय गं, आपण काय दवाखाना चालवतोय व्हय?" आणि त्या एका वाक्याने आमचा अर्धा खर्च वाचला कारण मग महागडं काही लागतच नाही.

मग कामं वाटा. बचत गटासारखं चालवायचं, आयटी डिपार्टमेंटसारखं नाही, हा या सगळ्या लेखाचा मुद्दा आहे म्हटलं तरी चालेल. किल्ली (म्हणजे मशीनमधे शिरायचा अधिकार) किमान तिघींकडे, वही एकीकडे, पैसे एकीकडे, नवीन बाईला शिकवायचं काम एकीकडे, आणि दर तीन महिन्यांनी बदल. बचत गटात कागदावर अध्यक्ष बदलतात आणि कारभार तीच ती बघत असते हे आपल्याला माहितीय, तर इथे तसं होऊ द्यायचं नाही, कारण ज्या बाईला सगळं येतं तीच कायम करत राहिली की सहा महिन्यांत तुम्ही परत एकीच्या ड्राइव्हवर आलात, फक्त ड्राइव्ह घरचा झाला.

म्हणून दुसरा नियम: सर्व्हरवर एकटीने काम करायचं नाही. टीमक्स नावाचा प्रोग्राम आहे, त्यात दोघी-तिघी आपापल्या घरून एकच काळी स्क्रीन बघू शकतात, एकीने टाईप केलेलं दुसरीला दिसतं. आणि टाईप कोण करणार, तर जिला सगळ्यात कमी येतं ती. आमच्याकडे काकू कीबोर्डवर बसतात, एक बोट वापरतात, आणि कॉलवरची पोरगी अक्षर अक्षर सांगते, "स्पेस द्या, आता आडवी छोटी रेघ, नाही नाही खालची नाही मधली." दहा मिनिटांचं काम पाऊण तासात होतं. होऊ दे. काय टाईप केलं आणि का ते वहीत, मराठीत, तारीख घालून.

मशीन कुठलं आणि ठेवायचं कुठे

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) छान आहे पण माझं मत जुन्या लॅपटॉपला. स्क्रीन फुटलेला, बॅटरी अजून तासभर टिकणारा लॅपटॉप घरात कुणाच्या तरी कपाटात असतोच. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, लाईट गेली तरी मशीन दाणकन बंद पडत नाही आणि डेटाबेस खराब होत नाही. ४ जीबी रॅम पुरते, ८ असली तर उत्तम. जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र काढून एसएसडी (न फिरणारी डिस्क) टाका. राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या नाहीतर मशीन चालू आणि नेट बंद अशी गंमत होते. लाईट बिलाची भीती घरच्यांना असते, तर हिशोब तोंडावर फेकायला ठेवा: नुसता चालू असलेला लॅपटॉप साधारण १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला अकरा युनिटच्या आसपास. पाय असेल तर तीन-चार.

आता जागा. सांगलीकरांना हे सांगायची गरज नाही पण सांगतेच, तळमजला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची, आणि ऑगस्ट २०१९ मधे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. नदीकडच्या भागात असाल तर वरचा मजला, किंवा सरळ विश्रामबागकडची मैत्रीण बघा. साताऱ्यात पुराचं टेन्शन कमी पण डोंगराच्या कडेच्या गावांत पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्ही जातात ते धरून चाला. पावसाळ्याच्या आधी वहीत एक पान करून ठेवा, पाणी चढायला लागलं तर मशीन कोण उचलणार, कुठे नेणार, आणि ती नसली तर कोण.

पाण्यापेक्षा अवघड प्रश्न घराचा. कुणाच्या घरात ठेवायचं? जिच्या घरात "हे काय दिवसरात्र चालू ठेवलंय" म्हणून कुणी प्लग काढणार नाही तिच्या. एकटी राहणारी, स्वतःच्या नावावर नेट कनेक्शन असणारी मैत्रीण मिळाली तर सोनं. नसेल तर ग्रंथालय, संस्थेचं ऑफिस, जिथे कुलूप आहे आणि किल्ली बाईकडे आहे. वायरवर कागद चिकटवा, "काढू नये, आधी फोन करावा", खाली दोन नंबर.

सिस्टिम

डेबियन ही लिनक्सवरची सिस्टिम टाका, डेस्कटॉपशिवाय. सध्याची १३ आहे. फुकट, जुन्या मशीनवर पळते, जगभर मदत मिळते. इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क एनक्रिप्ट (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) करू का विचारतं. इथे थांबून विचार करा. पूर्ण एनक्रिप्ट केलं तर मशीन चोरीला गेलं तरी मजकूर सुरक्षित, पण प्रत्येक रीस्टार्टला कुणीतरी समोर बसून पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) टाकावी लागते. लाईट लांबून गेली, बॅटरी संपली, आणि ती बाई माहेरी, मग बोंबला. मधला रस्ता असा की सिस्टिम उघडी ठेवायची आणि लेखन जिथे साठतं तो भाग वेगळा करून तेवढाच एनक्रिप्ट करायचा. मशीन आपोआप उठतं, तिघींपैकी कुणीही घरून लॉगिन करून तो भाग उघडते.

प्रत्येकीचं वेगळं युजर अकाउंट. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवायचा नाही, कारण मग कुणी गट सोडला की सगळ्यांचं बदला आणि कुणी काय केलं तेही कळत नाही. लॉगिन एसएसएच कीने (एसएसएच म्हणजे लांबून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत, की म्हणजे दोन अर्ध्या फायलींची डिजिटल किल्ली), ईडी२५५१९ प्रकारची की प्रत्येकीने आपल्या लॅपटॉपवर बनवायची, सार्वजनिक अर्धा सर्व्हरवर, खाजगी अर्धा कुणालाच द्यायचा नाही, माझ्यासकट. सगळ्यांच्या की चालतात हे बघितल्यावर पासवर्डने लॉगिन बंद करा. आधी बंद केलंत तर सगळ्या बाहेर. नको ती बाहेरची दारं बंद ठेवणाऱ्या फायरवॉलला यूएफडब्ल्यू, सिक्युरिटी अपडेट आपोआप येण्यासाठी अनअटेंडेड-अपग्रेड्स. ईटीसीकीपर पण टाका, सेटिंगमधला प्रत्येक बदल तो नोंदवून ठेवतो, ती वहीची जुळी बहीण.

बाहेरून पोचायचं कसं

इथे बहुतेक जणी अडकतात. घरच्या फायबरला आणि मोबाईल नेटला आजकाल स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा घरचा पत्ता) सहसा नसतो, शेकडो घरं एका आयपीमागे असतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या मशीनचं दार ठोठावताच येत नाही. कंपनीला फोन केला तर स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीसाठी बिझनेस प्लॅन घ्या म्हणतात.

माझा सल्ला, पहिले काही महिने बाहेर काढूच नका. महिन्यातून दोनदा त्या घरी जमा, चहा करा, त्याच वायफायवर सगळ्या मिळून लिहा. सवय लागू दे, भांडणं होऊन जाऊ देत. मग गरज वाटली तर एक अगदी छोटा भाड्याचा व्हीपीएस (कंपनीच्या मशीनवरचा आपल्या वाट्याचा सर्व्हर) घ्या, महिना काहीशे रुपयांचा, आणि तो आणि घरचं मशीन यांच्यात वायरगार्ड या प्रोग्रामने खाजगी बोगदा करा. घरचं मशीन आतून व्हीपीएसला जोडलं जातं म्हणून पब्लिक आयपी लागत नाही. जग व्हीपीएसच्या दारात येतं, तो नुसता दारवान, मजकूर घरीच. एकच काळजी घ्या, एचटीटीपीएसचं (वाचक आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर झाकणारं) कुलूप घरच्या मशीनवर उघडलं पाहिजे, व्हीपीएसवर नाही, नाहीतर भाड्याच्या मशीनवर सगळं उघडं वाचता येतं आणि मग एवढा खटाटोप कशाला केला. त्या कुलपाला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्टचं, फुकट, आपोआप नवीन होतं.

ज्यांचं लिखाण खरंच नाजूक आहे, म्हणजे घरातला हिंसाचार, जात पंचायत, अशा विषयांवर, त्यांनी टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कची अनियन सेवा बघावी. पत्ता लांबलचक आणि स्पीड कमी, पण पब्लिक आयपी, व्हीपीएस, डोमेन काहीच लागत नाही.

काय काय टाकायचं

दोनच गोष्टी. दहा टाकायचा मोह होतो, टाळा, प्रत्येक सॉफ्टवेअर म्हणजे आणखी एक अपडेट सांभाळणं.

एक इथरपॅड. एकाच पानावर सगळ्या एकदम लिहितात, प्रत्येकीचा रंग वेगळा. त्याचा सुरुवातीचा डेटाबेस फक्त चाचणीपुरता असतो, पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी असा पक्का डेटाबेस जोडा. ते ९००१ पोर्टवर (मशीनच्या त्या नंबरच्या दारावर) चालतं, ते पोर्ट बाहेर उघडू नका, पुढे एनजिनएक्स किंवा कॅडी हा वेब सर्व्हर उभा करा आणि लॉगिन लावा. नाहीतर पानाचा पत्ता ज्याला कळेल तो वाचू शकतो आणि पुसूही शकतो.

दुसरं ऑक्टोमोड, रॉटरडॅमच्या वारिया या गटाने बनवलेलं. ते इथरपॅड आणि पेज्ड-जेएस (वेबपानाची छापायची पानं पाडणारा प्रोग्राम) यांना एकत्र आणतं. एका पॅडवर मजकूर, शेजारच्या पॅडवर सजावट म्हणजे सीएसएस, आणि तिसऱ्या ठिकाणी पानं पाडलेली पीडीएफ. म्हणजे समास किती ठेवायचा यावर पण सगळ्या मिळून वाद घालू शकतात आणि घालतातच. डीटीपीवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन चार चकरा मारायच्या, त्याने "ताई हे असंच दिसतं" म्हणायचं, ते संपलं.

एकत्र लिहिताना

इथरपॅडमधे टाईमस्लायडर असतो, खोडलेलं प्रत्येक अक्षर त्यात राहतं. गमतीने बघायला छान, पण एखादीने आधी खरं नाव लिहिलं आणि नंतर बदललं तर ते आत राहिलंच. म्हणून नाजूक मजकूर आधी कागदावर किंवा स्वतःच्या मशीनवर नावं बदलून घ्यायचा आणि मगच पॅडवर. अंक झाला की पॅड पूर्ण डिलीट, फक्त शेवटची प्रत ठेवायची.

टोपणनावाला कमी लेखू नका. १९३३ मधे विभावरी शिरूरकर या नावाने कथा आल्या तेव्हा केवढं वादळ उठलं होतं, आणि नावामागच्या मालतीबाई बेडेकर. सर्व्हरवरचं युजरनेम पण तसंच घ्यावं, खरं नाव, गाव, जन्मसाल यातलं काही नको. कोण कोण आहे ती यादी वहीत, सर्व्हरवर नाही.

मालकीचं काय करायचं हे आधीच ठरवा. समजा तुम्ही आजीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करताय. ओवी कुणाची? गाणारीची, तिच्या आईची, का अख्ख्या गावाची? तिला पुस्तिका होणार हे सांगितलंय का, आणि ती इंटरनेटवरही जाणार हे वेगळं सांगितलंय का? आम्ही दोन्हीची परवानगी वेगवेगळी घेतो, आवाजात, आणि नंतर नको म्हटलं तर काढतो. लायसन्स हवं असेल तर कॉन्स्टंटने २०२० मधे काढलेल्या सीसीफोरआर या अटी वाचा. त्यात सगळं सगळ्यांना मोकळं असं न म्हणता, वापरणाऱ्याने आधी विचार करावा की हे उचलणं आपल्याला योग्य आहे का, असं म्हटलंय. ओव्यांसाठी हे फार बरोबर बसतं.

देवनागरीची पानं

हा भाग कुठल्याच परदेशी गाईडमधे मिळणार नाही म्हणून जरा बसून सांगते.

जुना मजकूर कुणी श्रीलिपीत किंवा कृतीदेवमधे, म्हणजे जुन्या फाँटच्या पद्धतीत, दिला तर आधी युनिकोडमधे (सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) आणा, कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर डोळ्याने तपासा. सगळ्यात जास्त वाट लागते ती ऱ्य आणि ऱ्ह ची. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द, आणि कन्व्हर्टर बिनदिक्कत एकाचा दुसरा करतो. शिवाय हा ऱ्य दोन प्रकारे टाईप होतो, एक नुक्तावाला ऱ वापरून आणि एक साधा र, हलंत आणि मधे न दिसणारं जोडअक्षर-चिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे पण सर्च केलं की अर्धेच सापडतात. एक पद्धत ठरवा, शेवटी शोधा-बदला करून सगळं एकसारखं करा.

पानाच्या एचटीएमएलमधे भाषा 'एमआर' अशी नोंदवा. छोटीशी गोष्ट आहे पण चांगल्या फाँटमधे मराठी ल आणि श चे आकार वेगळे ठेवलेले असतात, आणि भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणाचे येतात. फाँट म्हणाल तर मजकुराला तिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी, मथळ्याला मुक्ता नाहीतर बलू. सगळे मोफत. फाँटची फाईल आपल्या सर्व्हरवर ठेवा, गूगलकडून दर वेळी ओढू नका, नाहीतर तुमचा वाचक कोण हे तिकडे कळतं.

ओळींमधलं अंतर १.६ च्या खाली नेऊ नका, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. पान ए-५, आतला समास बाहेरच्यापेक्षा मोठा, पानाचे आकडे देवनागरीत हवे असतील तर सीएसएसच्या काउंटरला देवनागरी प्रकार द्या. पीडीएफ क्रोमियममधून काढा, पेज्ड-जेएस तिथे नीट चालतं. पीडीएफ आली की एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. अक्षरं तुटली तर छापायला चालेल पण नेटवर टाकायला नाही, अंध मैत्रिणींच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येणार नाही, तिथे सोबत साधं एचटीएमएल ठेवा.

छापायला सरळ झेरॉक्सवाला. पानं चारच्या पटीत पाहिजेत. बुकलेटसाठी पानांचा क्रम लावणारं पीडीएफजॅम डेबियनमधेच मिळतं. दुकानात दोन गोष्टी ठासून सांगा: 'फिट टू पेज' बंद, आणि दोन्ही बाजूंना छापताना पलटी आखूड कडेवर. पहिली एकच प्रत काढून दुमडून बघा, मगच बाकीच्या. ४८ पानांच्या वर गेलात तर मधली पिन नीट बसत नाही, दोरा शिवा.

लॉग आणि कायदा

परदेशी गट म्हणतात लॉग (सर्व्हर आपोआप ठेवतो त्या ये-जा नोंदी) ठेवूच नका. तत्त्व बरोबर आहे, कोण कधी आली याची यादी हीच उद्या कुणाच्या तरी हातात पडते. पण आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मधे निर्देश काढलेत, त्यात सेवा देणाऱ्यांनी आणि मध्यस्थांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असं आहे. आपल्या गटातल्या गटात चालणाऱ्या मशीनचं आणि बाहेरच्यांना अकाउंट वाटणाऱ्या मशीनचं प्रकरण एक नाही, त्यामुळे बाहेरच्यांना अकाउंट द्यायच्या आधी ओळखीच्या वकीलबाईंना अर्धा तास बसवा. पुस्तिका एकदाच काढताय तर ठीक, पण ठरावीक काळाने नियमित अंक काढणार असाल तर नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदाही त्याच बैठकीत विचारून घ्या.

बॅकअप

रोज रात्री रेस्टिक किंवा बोर्ग या प्रोग्रामने एनक्रिप्ट केलेला बॅकअप, एक त्याच घरातल्या वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडे. सांगलीचा साताऱ्यात, साताऱ्याचा सांगलीत, म्हणजे एकाच पुरात दोन्ही जात नाहीत. त्याची पासफ्रेज कागदावर, पाकिटात, दोन घरी. आणि दर तीन महिन्यांनी कामं बदलताना नवीन टीमने बॅकअपमधून एक पॅड परत उघडून दाखवायचा, ती त्यांची परीक्षा. परत न उघडलेला बॅकअप धरायचाच नाही.

पैसे आणि आवरणं

खर्च थोडा असतो पण तारखा असतात. डोमेन कुणाच्या कार्डावर आहे, व्हीपीएसचं बिल कधी, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. महिन्याला थोडी वर्गणी काढा, जिला जमत नाही तिने मशीनची जागा किंवा वेळ द्यावा, तो पण हिशोबात लिहायचा.

आणि गट पांगला तर काय, हेही पहिल्याच महिन्यात ठरवून ठेवा. कुणाला कुठली फाईल हवी ती द्यायची, छापील अंकाची एक प्रत गावच्या ग्रंथालयात, मग डोमेन सोडायचं, पण त्याआधी त्या डोमेनच्या ईमेलवर कुणाचं बँकेचं किंवा फेसबुकचं अकाउंट जोडलेलं नाही ना ते प्रत्येकीने बघायचं, कारण सोडलेलं नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं. डिस्क पुसून लॅपटॉप पुढच्या गटाला द्या, वही मात्र झेरॉक्स करून सोबत.